चौरस नृत्य : प्रगत रचना व काल्पनिक नर्तक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झालेला समूहनृत्याचा एक प्रकार. इंग्रजीत तो ‘स्क्वेअर डान्स’ या नावाने ओळखला जातो. त्यात आठ नर्तक, म्हणजे चार जोड्या, एका चौरसाच्या चार बाजूंवर मध्याकडे तोंड करून उभ्या राहतात आणि तोंडी मिळणाऱ्या आदेशांनुसार संगीताच्या ठेक्यावर चालत निरनिराळ्या आकृत्या साधतात. आदेश देणाऱ्यास ‘कॉलर’ व आदेशास ‘कॉल’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत त्यांसाठी अनुक्रमे आदेशक व आदेश हे शब्द योजिले आहेत. या नृत्याच्या वरच्या श्रेणींत आठ खऱ्या नर्तकांखेरीज आणखी चार किंवा आठ नर्तक रचनेत उपस्थित आहेत असे मानून नाचावे लागते. प्रत्यक्षात नसलेल्या या नर्तकांना ‘फँटम’ म्हणजे काल्पनिक नर्तक अशी संज्ञा आहे.

आदेशकाकडे पाठ असलेली जोडी ती पहिली; तिच्या उजवीकडून क्रमाने दुसरी, तिसरी व चौथी जोडी मोजतात. पहिली व तिसरी या समोरासमोरच्या जोड्यांना ‘हेड्स’ आणि दुसरी व चौथी यांना ‘साइड्स’ म्हणतात. जोडीत पुरुष डावीकडे व स्त्री उजवीकडे असते. पावले साधी, घसरत्या चालीची असतात. पदन्यासाचे कौशल्य येथे फारसे लागत नाही. या नृत्याचे खरे वैशिष्ट्य असे, की पुढचा आदेश कोणता येणार हे नर्तकांना आधी ठाऊक नसते. प्रत्येक आदेशाचा अर्थ तेवढा त्यांना माहीत असतो. त्यांचा क्रम आदेशक आयत्या वेळी ठरवितो. आदेश कानी पडल्यापासून एकदोन ठोक्यांत आठही जणांनी आपापली वाट ओळखून चालू लागावे, अशी अपेक्षा असते. विविध हालचालींनंतर प्रत्येकजण आपल्या मूळ जोडीदारासह मूळ जागी परतला, की आवर्तन पुरे होते.

पूर्वपीठिका : या नृत्याची पाळेमुळे इंग्लंडमधील ग्रामीण नृत्यांत व फ्रान्समधील कोतियाँ आणि काद्रिय या चार जोड्यांच्या दरबारी नृत्यांत आहेत. इंग्लिश नृत्यांचा जॉन प्लेफर्ड याने १६५१ मध्ये प्रसिद्ध केलेला संग्रह हे त्यांचे महत्त्वाचे साधन होय. वसाहतवाल्यांबरोबर ही नृत्ये अमेरिकेत गेली. तेथे नृत्याच्या आकृत्या तोंडाने पुकारण्याची प्रथा रुजली व तीत कृष्णवर्णीय वादकांचा वाटा मोठा होता, ही गोष्ट अलीकडच्या संशोधनाने पुढे आणली आहे. आधीच्या लेखकांनी तिची पुरेशी दखल घेतलेली नव्हती. सेसिल शार्प या इंग्रज लोकसंगीत-संग्राहकाने १९१७ मध्ये केंटकीच्या डोंगराळ भागात ‘रनिंग सेट’ हा प्रकार पाहिला आणि तो प्लेफर्डच्याही आधीचा असावा असे मत मांडले. हे मत पुढे टिकले नाही. परंतु त्यामुळे अभ्यासकांचे लक्ष या नृत्याकडे वळले. मोटारउद्योजक हेन्री फोर्ड याने १९२० नंतरच्या दशकात जुन्या नृत्यांच्या पुनरुज्जीवनासाठी बराच पैसा खर्च केला. त्यामागे जॅझ संगीताविषयीचा आणि ज्यू समाजाविषयीचा त्याचा आकस होता, हेही नमूद केले पाहिजे. कोलोरॅडो राज्यातील शाळाप्रमुख लॉइड शॉ याचे काउबॉय डान्सेस हे पुस्तक १९३९ मध्ये निघाले आणि त्याने चालविलेल्या उन्हाळी वर्गांतून आदेशकांची एक पिढी तयार झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ध्वनिक्षेपक व ध्वनिमुद्रिका सर्वत्र उपलब्ध झाल्या. एका आदेशकाचा आवाज मोठ्या दालनातील अनेक संचांना एकाच वेळी ऐकू जाऊ लागला आणि आधुनिक चौरस नृत्याला आजचे स्वरूप आले.

आदेशांची संख्या त्यानंतर झपाट्याने वाढली. हौशी आदेशक नवनवे आदेश रचीत. बिल बर्लसन याने संकलित केलेल्या आदेशकोशात त्यांची संख्या काही हजारांवर गेली. एका गावात शिकलेल्या नर्तकाला दुसऱ्या गावी नाचता येईना. ही अडचण दूर करण्यासाठी आदेशकांची ‘कॉलरलॅब’ ही संस्था पुढे आली. तिचे पहिले अधिवेशन १९७४ मध्ये सेंट लूइस येथे भरले. या संस्थेने आदेशांच्या प्रमाणित याद्या केल्या व त्यांची श्रेणीवार मांडणी केली. बेसिक व मेनस्ट्रीम या दोन श्रेणी मिळून सु. ७० आदेश होतात. त्यांवर प्लस, त्यावर दोन भागांत विभागलेली ॲडव्हान्स्ड आणि सर्वांत वर चॅलेंज ही श्रेणी असून तिचे पुन्हा सी-१ पासून सी-४ पर्यंत टप्पे आहेत. वरच्या श्रेणीतील नर्तकाला खालच्या सर्व श्रेणी अवगत असाव्या लागतात. काटेकोरपणे पाहता काल्पनिक नर्तकांचा विषय चॅलेंज श्रेणीत मोडतो. तथापि सामान्य व्यवहारात या सर्वच वरच्या नृत्याला ‘प्रगत’ म्हणण्याचा प्रघात आहे व येथेही तो पाळला आहे.

रचना : आठ जण एखाद्या क्षणी ज्या मांडणीत उभे असतात तिला रचना म्हणतात. समोरासमोरच्या दोन जोड्या ही सर्वांत साधी रचना होय. शेजारचे नर्तक एकाच दिशेला तोंड करून हात धरून उभे राहिले की ‘रांग’ होते. एकाआड एक उलट दिशांना तोंडे असली तर तिला ‘ओशन वेव्ह’ म्हणजे लाट म्हणतात. एकामागे एक उभे राहिल्यास ‘स्तंभ’ होतो. लाटा सामान्यतः चौघाचौघांच्या व दोन समांतर असतात. आठही जणांची एकच लाट झाली तर तिला ‘टायडल वेव्ह’ हे नाव आहे. दोन ओळींत दोन दोन अशी चौघांची मांडणी म्हणजे ‘बॉक्स’. तिला येथे चौकडी म्हटले आहे. शंकरपाळ्याच्या आकारात उभ्या राहिलेल्या चौघांना ‘डायमंड’ म्हणतात. मध्यभागी असा डायमंड व त्याबाहेर चौघेजण चार कोपऱ्यांवर, अशी रचना वाळूच्या घड्याळासारखी दिसते व तिचे नावही तेच आहे. याउलट मध्ये चौकडी व बाहेर चार दिशांना एकेक नर्तक, या रचनेला ‘गॅलक्सी’ म्हणजे आकाशगंगा असे भारदस्त नाव मिळाले आहे.

खालच्या श्रेणींत आदेश बहुधा व्यक्तीला उद्देशून असतो, म्हणजे पुरुषांनी हे करावे, स्त्रियांनी ते करावे, असा. वर जावे तसा तो जागेला उद्देशून होतो. टोकाचे व मधले, पुढे पाहणारे व त्यांच्या मागचे, जोडीतील डावा व उजवा, हे भेद महत्त्वाचे ठरतात. जोडीतील डाव्या जागेला ‘बो’ व उजव्या जागेला ‘बेल’ म्हणतात आणि त्या जागेवर कोण उभे आहे याचा विचार केला जात नाही. त्यामुळे प्रगत नर्तकाला आपला आदेश संचाच्या कोणत्याही घरातून पार पाडता यावा लागतो. काल्पनिक नर्तकांची कल्पना याच विचारातून निघालेली आहे. आदेश जर जागेला बांधलेला असेल, तर त्या जागेवर माणूस असलाच पाहिजे असे नाही.

तिथपर्यंत पोहोचण्यापूर्वी नर्तकाला आणखी दोन प्रकारच्या कल्पना आत्मसात कराव्या लागतात. पहिला प्रकार म्हणजे दोघांनी मिळून एक होणे. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी एका नर्तकाप्रमाणे वागावे, या संकेताला ‘ॲज कपल्स’ म्हणतात. पुढेमागे उभे असलेले दोघे एक झाले तर ‘टँडम’ म्हणतात. आठ जणांचे अशा प्रकारे चार घटक होतात व चौघांचा आदेश आठ जण पार पाडतात. टँडममध्ये मागच्याची परीक्षा असते. पुढचा वळला की मागच्याला मोठा फेर घेऊन पुन्हा त्याच्या पाठीमागेच यावे लागते. स्वतःच्या जागी गिरकी घेऊन भागत नाही.

दुसरा प्रकार रचनेच्या विकृतीचा, म्हणजे आकार बदललेला असूनही तो मूळचाच आहे असे धरण्याचा. येथे चार ओळी व चार उभ्या पट्ट्या यांचा सोळा घरांचा पट डोळ्यांसमोर आणावा. चारी बाजूंची मधली दोन दोन घरे भरली आणि चार कोपरे व मधली चार घरे रिकामी राहिली, तर इंग्रजी ‘ओ’ अक्षरासारखी रचना होते. याच्या नेमके उलट चार कोपरे व मधली चार घरे भरली की तिला ‘बटरफ्लाय’ म्हणजे फुलपाखरू म्हणतात. या दोन रचना परस्परपूरक आहेत. एकीतील भरलेली घरे ती दुसरीतील रिकामी. ‘ओ’ मध्ये डाव्या अर्ध्या भागातील चौघांचा स्तंभ मध्ये फुगलेला असतो, तर फुलपाखरात त्याची टोके बाहेर पडलेली असतात. आदेश मिळताच नर्तक मनाने, व सोयीसाठी पुष्कळदा शरीरानेही, आत सरकून सरळ स्तंभ करतात, हालचाल पुरी करतात आणि जे ज्या जागी येतील त्यांनी पुन्हा तसे फुगवटे काढून मूळचा आकार राखतात. येथे रिकामी घरे शेवटपर्यंत रिकामीच राहतात. काल्पनिक नर्तकांच्या बाबतीत मात्र रिकाम्या घराला स्वतंत्र चाल असते. हा भेद प्रथम शिकणाऱ्यांच्या ध्यानात लवकर येत नाही व संच कोलमडण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

काल्पनिक नर्तक : पटावरील प्रत्येक रिकाम्या घरात एक नर्तक उभा आहे असे धरावयाचे, आदेश सर्वांनी मिळून पार पाडावयाचा आणि तो संपला की काल्पनिक नर्तकांना विसरून जावयाचे, एवढाच हा नियम आहे. त्याचे परिणाम मात्र दूरगामी होतात. खरा नर्तक काल्पनिकाच्या घरात जातो, त्याचे स्वतःचे घर रिकामे पडते किंवा दुसरा कोणी ते भरतो. अशा रीतीने मूळची पोकळी रचनेत हिंडत राहते.

‘ट्रेड’ हा सर्वांत साधा आदेश घ्यावा. लाटेत शेजारी शेजारी उभे असलेले दोघे हात धरून अर्धवर्तुळ फिरतात व जागांची अदलाबदल करतात. शेजारी काल्पनिक असेल तर खऱ्या नर्तकाने रिकामा हात पुढे करून, दोन घरांच्या मधल्या बिंदूभोवती तेवढेच अर्धवर्तुळ फिरून शेजारच्या घरात जाऊन उभे राहावयाचे असते. नवशिका हमखास स्वतःच्याच जागी गिरकी घेतो. तोंडाची दिशा बरोबर, परंतु घर चुकीचे, अशी त्याची स्थिती होते व पुढच्या आदेशाला सगळी रचना एका घराने सरकलेली आढळते. खऱ्या जोडीदाराचा हात हा वस्तुतः मोठा आधार असतो. तो किती फिरावे, कोठे थांबावे हे आपोआप सांगतो. तो आधार काढून घेतला की नर्तकाला अंतर व दिशा या दोन्ही गोष्टी मनात धराव्या लागतात.

आता बारा घरांच्या पटावरील एक उदाहरण पाहू. दोन ओळी, वरची ‘अ’ व खालची ‘ब’, आणि प्रत्येकीत डावीकडून उजवीकडे १ ते ६ घरे आहेत. पहिल्या दोन, मधल्या दोन व शेवटच्या दोन पट्ट्या मिळून तीन चौकड्या होतात. इंग्रजीत हिला ‘ट्रिपल बॉक्सेस’ म्हणतात. घरे बारा, नर्तक आठ, म्हणजे चार घरे रिकामी. समजा अ१, अ४, ब३ व ब६ ही घरे रिकामी आहेत आणि चौकड्या उजव्या हाताच्या आहेत, म्हणजे प्रत्येकीत शेजारच्यांचे उजवे हात जुळलेले आहेत. ‘सर्क्युलेट’ असा आदेश आला असता अशा चौकडीतील प्रत्येकाने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक घर पुढे जावयाचे असते. पहिल्या चौकडीत अ२ वरील नर्तक ब२ वर, ब२ वरील ब१ वर आणि ब१ वरील अ१ या रिकाम्या घरात येतो. अ१ वरील काल्पनिक नर्तक अ२ वर गेला असे मानावयाचे. याच नियमाने मधल्या चौकडीतील पोकळ्या अ४ वरून ब४ वर व ब३ वरून अ३ वर जातात आणि शेवटच्या चौकडीतील ब६ वरची पोकळी ब५ वर जाते. आदेश संपला तेव्हा अ२, अ३, ब४ व ब५ ही घरे रिकामी आहेत. एकाही खऱ्या नर्तकाने एका घराहून अधिक प्रवास केलेला नाही. तरीही रचनेचे रूप इतके पालटलेले असते, की मध्येच येऊन पाहणाऱ्यास आधीच्या व नंतरच्या रचनेत काही नाते आहे असे वाटू नये.

वरील घरांची यादी बारकाईने पाहिल्यास त्यांतील सममिती ध्यानात येते. पट मध्यबिंदूभोवती अर्धा फिरविला तर अ१ चे घर ब६ च्या जागी, अ२ चे ब५ च्या आणि अ३ चे ब४ च्या जागी येते. आरंभीची रिकामी घरे अशाच दोन जोड्यांची होती आणि शेवटचीही तशीच आहेत. नेहमीच्या चौरस नृत्यात प्रत्येक नर्तकाचा समोरचा प्रतिरूप नर्तक सतत त्याच्या बरोबर विरुद्ध घरात व विरुद्ध दिशेला तोंड करून असतो. आदेश दोघांना सारखाच लागू पडत असल्याने ही सममिती आपोआप टिकते. काल्पनिक नर्तकही तिला अपवाद नसतात. अनुभवी नर्तक वाट चुकला असता प्रथम आपला प्रतिरूप शोधतो आणि त्याच्या विरुद्ध घरात जाऊन उभा राहतो. पुष्कळदा संच त्यामुळेच वाचतो. हेतुपुरस्सर सममिती मोडणारे आदेशही असतात, पण ते विरळा.

सोळा घरांच्या पटावर आठ खरे व आठ काल्पनिक नर्तक असतात. येथे कोणत्या ओळी कोणाबरोबर काम करणार हे आदेशकाने सांगणे अवश्य असते. ‘स्प्लिट फँटम’ म्हटले की पटाचे सरळ दोन भाग पडतात, पहिली व दुसरी ओळ एकत्र आणि तिसरी व चौथी एकत्र. ‘इंटरलॉक्ड फँटम’ म्हटले तर ओळी एकमेकींत गुंततात. पहिली तिसरीबरोबर आणि दुसरी चौथीबरोबर काम करते. समोरासमोर तोंडे असलेल्या ओळींनी परस्परांतून पार जावयाचे असेल, तर पहिल्या प्रकारात एका ओळीचे अंतर तोडावे लागते. दुसऱ्या प्रकारात पहिल्या ओळीतील नर्तक दुसरीच्या जागेतून थेट तिसरीच्या घरी जातो आणि त्याच क्षणी दुसऱ्या ओळीतले चौथीकडे निघालेले असतात. ज्याच्याशी आपले काम आहे तो दोन ओळी पलीकडे, कदाचित अस्तित्वातच नसलेला. आणि जो समोर हाताच्या अंतरावर उभा आहे त्याच्याशी आपला काही संबंध नाही, ही गोष्ट मनाला पटविणे कठीण जाते.

काल्पनिक नर्तकाचे तोंड कोणीकडे आहे असे धरावे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आदेशकाच्या शब्दांत असते. त्याने लाटा म्हटले तर काल्पनिक नर्तक शेजारच्या खऱ्या नर्तकाच्या उलट दिशेला पाहतो. स्तंभ म्हटले तर तो स्तंभाच्या दिशेने पुढे किंवा मागे पाहत असतो. सामान्य संकेत असा, की आदेश पार पाडता यावा अशाच रीतीने तो उभा असतो. तो कधी अडथळा आणीत नाही आणि कधी चुकत नाही. दोन काल्पनिक नर्तक शेजारी असतील तर त्यांच्याविषयी विचार करण्याचे कारणच उरत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. काल्पनिक नर्तकाला सातत्य नसते. एक आदेश संपला की तो नाहीसा होतो व पुढच्या आदेशाच्या वेळी रिकाम्या असतील त्या घरांत नवे काल्पनिक नर्तक उभे राहतात. त्यामुळे त्यांचा माग ठेवण्याची आवश्यकता नसते. माग ठेवावयाचा तो घरांचा. एखादी ओळ संपूर्ण रिकामी पडली तर रचना आकुंचन पावते व उरलेल्या ओळी जवळ येतात. तोपर्यंत मात्र प्रत्येकाने आपले घर न सोडता, मधली पोकळी तशीच राखून उभे राहावयाचे असते. ही पोकळी राखणे फार अवघड असते. माणसे स्वभावतःच रिकामी जागा भरून काढण्यासाठी एकमेकांकडे सरकतात आणि अर्ध्या पावलाचे असे दोनतीन सरकणे झाले, की पट कोठे आहे याविषयी आठ जणांची आठ मते होतात.

शिकण्याची साधने : आदेशक आपल्या रचना पूर्वीपासून टेबलावर सोंगट्या मांडून तपासून पाहत आले आहेत. प्रत्येक सोंगटीवर तोंडाची दिशा दाखविणारी खूण असते. प्रगत नर्तकही हा मार्ग अवलंबितात. आठ रंगीत व आठ फिक्या सोंगट्या घेऊन आधी सर्व सोळा चालवावयाच्या, नंतर फिक्या काढून टाकून तोच आदेश पुन्हा करावयाचा, असा सराव उपयुक्त ठरतो. संगणकाचा प्रवेशही या क्षेत्रात बराच आधी झाला. ‘एसडी’ या नावाची आज्ञावली आदेशांच्या व्याख्या लावून काल्पनिक नर्तकांसह कोणत्याही रचनेचा परिणाम दाखविते व आठही जणांना मूळ जागी परत आणणारा क्रम शोधून देते. आदेशक तिचा मोठ्या प्रमाणावर वापर करतात. ‘टॅमिनेशन्स’ या संकेतस्थळावर आदेशांची चलच्चित्रे पाहता येतात. गणित, अभियांत्रिकी व संगणकशास्त्र यांच्या अभ्यासकांना या नृत्याचे आकर्षण वाटते यात नवल नाही. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत ‘टेक स्क्वेअर्स’ हे मंडळ १९६७ पासून चालू आहे.

काल्पनिक नर्तकाचा एक घरगुती उपयोगही आहे आणि तो कदाचित अधिक जुना असावा. सरावाला आठ जण जमले नाहीत, एखादी जोडी आलीच नाही, तर तिची जागा मोकळी ठेवून सहा जण नाचतात व न आलेल्या जोडीशी हस्तांदोलनही करतात. वर सांगितलेल्या सममितीमुळे केवळ चौघांनाही आठ जणांच्या आदेशांचा सराव करता येतो. उरलेले चौघे आपल्या विरुद्ध बाजूस आपल्याचसारखे वागत आहेत असे धरले की पुरे. कोविडच्या साथीत २०२० पासून दालने बंद पडली, तेव्हा अनेक आदेशकांनी संगणकाच्या पडद्यावरून आदेश दिले आणि घरोघरी एकेक जोडप्याने उरलेल्या तीन जोड्या मनात धरून बैठकीच्या खोलीत नाच केला. हौसेने स्वीकारलेली अवघड विद्या अशा रीतीने काही काळ सर्वांचीच गरज झाली.

मतभेद : प्रगत चौरस नृत्याविषयी त्याच्या उपासकांतच एकमत नाही. एका पक्षाचे म्हणणे असे, की गावच्या कोणीही माणसाने येऊन पहिल्याच संध्याकाळी सामील व्हावे असे हे लोकनृत्य होते. श्रेणींची उतरंड रचली गेल्यापासून आधी कित्येक महिने वर्गात बसल्याशिवाय त्यात प्रवेशच मिळेनासा झाला. आणि जे वर चढले त्यांना खालच्या मंडळींबरोबर नाचण्यात रस उरला नाही. काल्पनिक नर्तकांबरोबर नाचणारे संगीताकडे लक्ष देत नाहीत, ते चालता चालता कोडी सोडवितात, असाही आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. वरच्या चॅलेंज श्रेणीत संगीत मागे पडते आणि आदेश पुरा करण्याला ठेक्यापेक्षा अधिक महत्त्व येते, हे तिचे चाहतेही मान्य करतात. दुसऱ्या पक्षाच्या मते ज्यांना वर्षानुवर्षे तेच आदेश करून कंटाळा आला असता, अशांना या श्रेणींनीच नृत्यात टिकवून धरले. शिवाय आठ जणांनी मिळून सोळा जणांची रचना निभावून नेण्यात जो सामुदायिक आनंद आहे, तो एकट्याने कोडे सोडविण्यात नाही. एकाची चूक येथे सातांना भोवते व एकाचे भान सातांना सावरते.

या वादाला संख्येची पार्श्वभूमी आहे. अमेरिकेत चौरस नृत्याची लोकप्रियता १९७० नंतरच्या दशकात शिगेला पोहोचली होती. अमेरिकी काँग्रेसने ठराव करून १९८२ व १९८३ या दोन वर्षांसाठी त्याला राष्ट्रीय लोकनृत्याचा दर्जा दिला. अनेक राज्यांनीही त्याला आपापले अधिकृत नृत्य म्हणून मान्यता दिली आहे. परंतु त्यानंतर नर्तकांची संख्या घटत गेली व त्यांचे सरासरी वय वाढत गेले. कॉलरलॅबने अलीकडे थोड्या धड्यांत शिकता येईल अशी आदेशांची आटोपशीर यादी पुढे आणली आहे, ती याच चिंतेतून. या उपायाने खालचा दरवाजा मोठा झाला, तरी वरच्या श्रेणीपर्यंतचा जिना तेवढाच उंच राहतो. चॅलेंज श्रेणीचे नर्तक सर्वत्र थोडे आहेत. त्यांपैकी अनेकांच्या गावी आठ जणांचा एक संचही पुरा होत नाही. ते ध्वनिमुद्रित आदेशांवर सराव करतात आणि अधिवेशनांसाठी दूरचा प्रवास करून एकत्र येतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिक व अधिकारी यांच्यामार्फत हे नृत्य जपान व जर्मनी या देशांत पोहोचले. आज तेथे, तसेच कॅनडा, इंग्लंड, स्वीडन व इतर यूरोपीय देशांत त्याची मंडळे आहेत. आदेश सर्वत्र इंग्रजीतच दिले जातात. जर्मन किंवा जपानी नर्तकाला एरवी इंग्रजी बोलता येत नसले, तरी त्याला आदेशांची इंग्रजी नावे ठाऊक असतात आणि त्या शिदोरीवर तो कोणत्याही देशातील संचात आठवा नर्तक म्हणून उभा राहू शकतो.